मजुरीचा प्रश्न आणि दोन अर्थशास्त्रे

मजुरी कशी ठरते, या एका प्रश्नाची दोन उत्तरे आज दोन वेगळ्या खोल्यांत शिकविली जातात. महाविद्यालयाच्या वर्गात सांगण्यात येते की, स्पर्धेच्या बाजारात कामगाराची मजुरी त्याच्या श्रमाच्या सीमान्त उत्पादकतेइतकी असते. म्हणजे एक कामगार अधिक कामावर घेतल्याने उत्पादनात जेवढी भर पडते, तेवढे मोल त्याच्या हाती येते. पक्षाच्या अभ्यासवर्गात सांगण्यात येते की, मजुरी ही श्रमशक्ती या मालाची किंमत आहे. कामगाराला व त्याच्या कुटुंबाला जगण्यासाठी लागणाऱ्या वस्तूंच्या मूल्याभोवती ती फिरते, आणि त्यापलीकडे कामगार जे मूल्य निर्माण करतो ते वरकड मूल्य मालकाकडे जाते. सकाळी पहिल्या खोलीत बसणारा तरुण कार्यकर्ता पुष्कळदा संध्याकाळी दुसऱ्या खोलीतही बसतो. परंतु ही दोन उत्तरे समोरासमोर उभी करून त्यांची झाडाझडती घेण्याची वेळ त्याच्यावर कोणत्याच खोलीत येत नाही. परीक्षेला एक उत्तर, सभेला दुसरे, अशी त्याच्या मनात वाटणी होऊन जाते.

ही वाटणी वरवर निरुपद्रवी दिसते. प्रत्यक्षात तिचा लाभ एकाच बाजूला होतो. वेतनकराराच्या बोलण्यांत, वेतन आयोगापुढे, किमान वेतनाच्या समितीत समोर बसलेला माणूस पहिल्या खोलीची भाषा बोलतो. मजुरी वाढली तर रोजगार घटेल, उत्पादकता वाढल्याशिवाय वेतनवाढ परवडणार नाही, ही विधाने तो निसर्गनियम सांगावा तशी सांगतो. त्याला ‘हे भांडवलदारांचे अर्थशास्त्र आहे’ एवढेच उत्तर दिले, तर ते उत्तर खरे असूनही निरुपयोगी ठरते. ते अर्थशास्त्र नेमके कोठे चुकते हे दाखवावे लागते, आणि ते दाखवावयाचे तर ते आधी पुरते वाचलेले असावे लागते.

‘बुर्झ्वा अर्थशास्त्र म्हणजे मालकांची वकिली, ते वाचण्यात वेळ कशाला दवडावा?’ असे म्हणणारे सभासद आजही भेटतात. या भूमिकेला मार्क्सवादी परंपरेत कसलाही आधार नाही. मार्क्सच्या ‘भांडवल’ ग्रंथाचे उपशीर्षकच राजकीय अर्थशास्त्राची चिकित्सा असे आहे. १८६१ ते १८६३ या काळातील त्याच्या हस्तलिखितांचा फार मोठा भाग इतर अर्थशास्त्रज्ञांच्या वाचनाने व्यापलेला आहे. कार्ल काउट्स्कीने तो पुढे १९०५ ते १९१० या वर्षांत वरकड मूल्याच्या सिद्धांतांचा इतिहास म्हणून प्रसिद्ध केला. अॅडम स्मिथ, रिकार्डो, केने, माल्थस यांचे उतारेच्या उतारे उतरवून घ्यावयाचे, त्यांतील प्रत्येक पायरी तपासावयाची, कोठे लेखक खऱ्या प्रश्नाच्या जवळ आला आणि कोठे बिचकून मागे फिरला हे दाखवावयाचे, असे ते काम आहे. रिकार्डो हा शेअरबाजारात गब्बर झालेला माणूस, पुढे जमीनदार आणि पार्लमेंटचा सभासद. त्याचा वर्ग मार्क्सला ठाऊक नव्हता असे थोडेच? तरीही रिकार्डोच्या प्रामाणिकपणाबद्दल त्याने आदराने लिहिले आणि नफ्याचे समर्थन करण्यापुरतेच लिहिणाऱ्या सवंग अर्थशास्त्रज्ञांची वेगळी गणना केली. हा भेद त्याला करता आला, कारण दोघांचेही ग्रंथ त्याने पानन् पान वाचले होते.

मजुरीच्याच प्रश्नावर १८६५ च्या जूनमध्ये लंडनला आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या सर्वसाधारण समितीत झालेला वाद या दृष्टीने फार बोधप्रद आहे. जॉन वेस्टन हा समितीचा सभासद, पेशाने सुतार, रॉबर्ट ओवेनचा अनुयायी, माणूस सचोटीचा. सर्वत्र मजुरी वाढली तर वस्तूंच्या किमतीही तितक्याच वाढतील, म्हणून मजुरीवाढीचे लढे व्यर्थ आहेत आणि ट्रेड युनियनांपासून उलट नुकसानच होते, असा सिद्धांत त्याने मांडला. म्हणजे मजुरीसाठी ठराविक निधीच असतो, ही त्या काळच्या अर्थशास्त्रज्ञांची समजूत एका कामगार पुढाऱ्याच्या तोंडून बाहेर पडत होती. मार्क्सने त्याला वर्गशत्रूचा हस्तक म्हटले नाही. त्याने दोन बैठका घेऊन उत्तर दिले. राष्ट्राचे उत्पादन ही ठरून गेलेली रक्कम नाही. मजुरी वाढली की किंमत नव्हे तर नफा घटतो. आणि याला अनुभवाचा आधार आहे, असे त्याने दाखविले. १८४९ ते १८५९ च्या दरम्यान इंग्लंडात शेतमजुरी सुमारे ४० टक्क्यांनी वाढली असताना गव्हाची सरासरी किंमत उतरली होती, हा दाखला त्याने दिला. दहा तासांच्या दिवसाच्या कायद्याने कारखानदारी बुडेल असे भाकीत करणाऱ्या अर्थशास्त्रज्ञांचे काय झाले, हेही त्याने सांगितले. हे भाषण १८९८ मध्ये त्याची कन्या एलिनोर हिच्यामुळे प्रसिद्ध झाले. मौज अशी की, १८६९ मध्ये जॉन स्टुअर्ट मिल या त्या काळच्या सर्वात मान्यवर अर्थशास्त्रज्ञानेच मजुरीनिधीची कल्पना जाहीरपणे सोडून दिली. ती मार्क्समुळे नव्हे, थॉर्न्टनच्या टीकेमुळे. परंतु कामगारांच्या डोक्यातून ती काढण्याचे काम चार वर्षे आधीच सुरू झाले होते.

१८७१ साली जेव्हन्स व मेंगर यांचे आणि १८७४ साली वालरा याचा, असे ग्रंथ निघाले आणि अर्थशास्त्राने कूस बदलली. श्रम, उत्पादन व वर्ग हे विषय मागे पडून उपयोगिता, मागणी आणि पुरवठा पुढे आले. १८९९ मध्ये अमेरिकेत जॉन बेट्स क्लार्क याने उत्पन्नाच्या वाटणीवर ग्रंथ लिहिला व सीमान्त उत्पादकतेचा सिद्धांत आजच्या पाठ्यपुस्तकी रूपात उभा केला. क्लार्कचा हेतू लपून राहिलेला नाही. कामगार जे निर्माण करतो ते त्याला पुरते मिळत नाही हे सिद्ध झाले, तर अनेकांनी क्रांतिकारक व्हावे आणि सर्वांना तसे होण्याचा हक्क असेल, असे त्याने स्वतःच कबूल केले होते. ते सिद्ध होऊ नये यासाठी त्याचा सारा खटाटोप होता. ज्या अर्थशास्त्राला आज ‘निव्वळ शास्त्र’ म्हणून शिकविले जाते, त्याच्या जन्मकाळी वर्गयुद्धाची इतकी स्पष्ट जाणीव होती! पाठ्यपुस्तकातून ती जाणीव पुसली गेली, समीकरण तेवढे राहिले.

युरोपातील मार्क्सवाद्यांनी त्या नव्या अर्थशास्त्राकडे पाठ फिरविली नाही. व्हिएन्नामध्ये बोम-बावेर्क हा मार्क्सचा सर्वात समर्थ टीकाकार; ऑस्ट्रियाचे अर्थखातेही त्याने सांभाळले होते. त्याच्या १८९६ च्या टीकेला हिल्फर्डिंगने १९०४ मध्ये उत्तर दिले, आणि त्यानंतर ओटो बावरसह तो त्याच बोम-बावेर्कच्या चर्चावर्गात जाऊन बसला. पुढे बुखारिननेही व्हिएन्नाच्या मुक्कामात बोम-बावेर्कची व्याख्याने ऐकली आणि सीमान्तवादी अर्थशास्त्राची चिरफाड करणारा आपला ग्रंथ १९१४ मध्ये लिहून पुरा केला. लेनिनने १९१६ मध्ये साम्राज्यशाहीवर लिहिले तेव्हा हॉब्सन या इंग्रज उदारमतवाद्याच्या १९०२ च्या पुस्तकातून त्याने किती घेतले, हे त्याने उघडपणे नमूद केले आहे.

परंतु मार्क्सवादाची बाजू आणि प्रतिष्ठित अर्थशास्त्र यांच्या आमनेसामने वाचनातून विसाव्या शतकात काय निघू शकते, याचे सर्वात मोठे उदाहरण पिएरो स्राफा या इटालियन अर्थशास्त्रज्ञाचे आहे. अंतोनिओ ग्राम्शीचा हा मित्र. नोव्हेंबर १९२६ मध्ये मुसोलिनीच्या राजवटीने ग्राम्शीला पकडले, तेव्हा स्राफाने मिलानच्या एका पुस्तकविक्रेत्याकडे त्याच्या नावे खाते उघडून दिले. तुरुंगातील ग्राम्शीच्या हाती जी पुस्तके पडली त्यांपैकी पुष्कळ याच खात्यातून आली. ग्राम्शी तुरुंगातून मेहुणी तात्यानामार्फत रिकार्डोविषयी प्रश्न विचारी आणि केंब्रिजमध्ये स्थायिक झालेला स्राफा त्याच मार्गाने उत्तर धाडी. स्राफाने पुढे केंब्रिजचे कम्युनिस्ट अर्थशास्त्रज्ञ मॉरिस डॉब यांच्या सहकार्याने रिकार्डोचे समग्र लेखन संपादित केले. १९५१ पासून ते खंड निघू लागले. आणि १९६० मध्ये त्याने स्वतःचे शंभरेक पानांचे पुस्तक छापले. वस्तूंपासून वस्तूंचे उत्पादन कसे होते, एवढाच त्याचा विषय.

त्या छोट्या पुस्तकाने क्लार्कच्या इमारतीच्या पायालाच सुरुंग लावला. मुद्दा अवघड नाही. गिरणीतल्या माणसाला तो प्राध्यापकापेक्षा लवकर कळेल. एखाद्या कापडगिरणीत साचे आहेत, चात्या आहेत, बॉयलर आहे, कापसाच्या गाठी आहेत. हे सारे मिळून ‘भांडवल’. पण ते किती आहे? साचे आणि गाठी यांची बेरीज वजनात करता येत नाही, संख्येतही नाही. ती रुपयांतच करावी लागते. रुपयांत करावयाची तर प्रत्येक वस्तूची किंमत हवी. आणि साच्याच्या किमतीत साचा बनविणाऱ्या कारखानदाराचा नफा आधीच मिसळलेला आहे. म्हणजे नफ्याचा दर ठाऊक असल्याखेरीज भांडवल किती हे सांगता येत नाही. आणि पाठ्यपुस्तक तर म्हणते की, भांडवल किती यावरून त्याची सीमान्त उत्पादकता व त्यावरून नफ्याचा दर ठरतो. घोड्याने गाडी ओढावयाची की गाडीने घोडा?

जोन रॉबिन्सन या केंब्रिजच्या विदुषीने हा प्रश्न १९५३ पासून जाहीरपणे विचारावयास सुरुवात केली होती. स्राफाच्या पुस्तकाने तो गणिताच्या भाषेत पक्का केला. नफ्याचा दर जसजसा उतरेल तसतशी अधिकाधिक भांडवलप्रधान तंत्रे वापरात येतील, हा नियमही त्यापुढे टिकला नाही. एखादे तंत्र नफ्याच्या एका दराला सर्वात स्वस्त, मधल्या दराला महाग आणि पुढच्या दराला पुन्हा स्वस्त ठरू शकते, असे निघाले. अमेरिकेतील केंब्रिज शहरी बसलेल्या पॉल सॅम्युएल्सनने व त्याच्या सहकाऱ्यांनी प्रथम हे खोडून काढण्याचा प्रयत्न केला. १९६६ मध्ये सॅम्युएल्सनने लेख लिहून मान्य केले की, टीकाकारांचा मुद्दा तर्कशुद्ध आहे. एवढी कबुली मिळाल्यावर कोणत्याही शास्त्रात पुस्तके नव्याने लिहिली गेली असती. येथे तसे झाले नाही. भांडवलाची ती एकसंध राशी पाठ्यपुस्तकांच्या समीकरणांत आजही ठाण मांडून आहे, आणि विद्यार्थ्याला अशी कबुली कोणी दिली होती हेसुद्धा बहुधा सांगितले जात नाही.

मराठी वाचकाला या प्रकरणाचा एक धागा जवळचा वाटावा. स्राफाच्या पुस्तकाचा जगात ज्यांनी सर्वात आधी खोलवर अर्थ लावला, त्यांत कृष्णा भारद्वाज यांचे नाव येते. १९३५ मध्ये कारवारला जन्मलेल्या, बेळगावात वाढलेल्या आणि मुंबईत अर्थशास्त्र शिकलेल्या या तरुणीकडे ‘इकॉनॉमिक वीकली’चे संपादक सचिन चौधुरी यांनी ते पुस्तक परीक्षणासाठी दिले. ते परीक्षण १९६३ च्या ऑगस्टमध्ये मुंबईच्या त्या साप्ताहिकात छापून आले आणि त्याने केंब्रिजचे लक्ष वेधून घेतले. पुढे दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात आर्थिक अध्ययन व नियोजनाचे जे केंद्र १९७३ मध्ये सुरू झाले, त्याच्या उभारणीत त्यांचा वाटा मोठा होता. स्मिथ-रिकार्डो-मार्क्स ही परंपरा आणि मागणी-पुरवठ्याचे अर्थशास्त्र ही दोन्ही शेजारी ठेवून शिकवावयाची, हा त्या केंद्राचा बाणा होता. पहिलीला बाजूला सारून दुसरे कसे प्रबळ झाले यावर त्यांचे १९७८ चे पुस्तक आहे. त्याच पद्धतीने त्यांनी भारतीय शेतीकडे पाहिले. सावकार, जमीनमालक आणि धान्याचा व्यापारी हा एकच माणूस असेल तर त्याच्या कुळाला ‘बाजारातील निवडीचे स्वातंत्र्य’ कोठून असणार, हा त्यांचा प्रश्न ग्रामीण भागात काम करणाऱ्या प्रत्येक कार्यकर्त्याच्या उपयोगाचा आहे.

येथे एक गोष्ट आडपडदा न ठेवता सांगितली पाहिजे. स्राफाच्या सुरुंगाचे हादरे दोन्ही बाजूंना बसले. किमती आणि नफ्याचा दर उत्पादनाच्या स्थितीवरून व मजुरीवरून थेट काढता येत असतील, तर श्रममूल्याच्या पायरीची गरज काय, असा प्रश्न इयन स्टीडमन याने १९७७ मध्ये मार्क्सवाद्यांनाच विचारला. मूल्याचे उत्पादन-किमतीत रूपांतर कसे होते, हा वाद तर बोम-बावेर्कपासून चालत आलेला. बोर्टकीविच, स्वीझी अशा अनेकांनी त्यावर लिहिले आहे. यावर मार्क्सवाद्यांची उत्तरे आहेत, आणि त्यांच्यातही एकवाक्यता नाही. पण किती अभ्यासवर्गांत या वादाचा नुसता उल्लेख तरी होतो? तो टाळला जातो, कारण त्याने नव्या सभासदाची श्रद्धा डळमळेल अशी भीती असते. हाच सभासद विद्यापीठात गेल्यावर पहिल्याच वर्षी एखादा चतुर प्राध्यापक त्याला तो वाद अर्धवट सांगतो, आणि मग त्याला वाटते की, पक्षाने ही गोष्ट आपल्यापासून लपविली. अशा रीतीने किती तरुण दुरावले असतील याची मोजदाद नाही.

प्रतिष्ठित अर्थशास्त्रातील उपयुक्त हत्यारे केवळ त्यांच्या कुळामुळे नाकारल्याने काय होते, याचे उदाहरण सोव्हिएत युनियनमध्येच घडले. लिओनिद कांतोरोविच या गणितज्ञाने १९३९ मध्ये, प्लायवूडच्या कारखान्यातील यंत्रांची कामे कशी वाटावीत या साध्या प्रश्नावरून, मर्यादित साधनांच्या सर्वोत्तम वापराची गणिती पद्धत शोधून काढली. नियोजित अर्थव्यवस्थेला याहून उपयोगी देणगी कोणती असू शकते? परंतु तिच्यातील मूल्यांकने सीमान्तवादासारखी दिसतात, या संशयामुळे त्याचे मुख्य आर्थिक पुस्तक १९५९ पर्यंत छापले गेले नाही. दरम्यान अमेरिकेत तीच पद्धत स्वतंत्रपणे शोधली गेली व भांडवलदारी कंपन्यांच्या कामी लागली. कांतोरोविचला १९७५ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. नियोजनाची गेलेली वर्षे कोणी परत दिली नाहीत.

विद्यापीठांच्या बाजूची एकांगी वृत्ती अर्थात याहून कितीतरी संघटित आहे. तिच्याविरुद्ध विद्यार्थी पुनःपुन्हा उठले आहेत. ऑस्ट्रेलियात सिडनी विद्यापीठातील लढा १९७० नंतरची अनेक वर्षे चालला आणि १९७५ मध्ये राजकीय अर्थशास्त्राचे अभ्यासक्रम तेथे सुरू करणे भाग पडले. फ्रान्समध्ये २००० साली विद्यार्थ्यांनी वास्तवाशी फारकत घेतलेल्या अर्थशास्त्राविरुद्ध निवेदन काढले. २००८ च्या अरिष्टानंतर इंग्लंडच्या राणीनेही लंडनच्या अर्थशास्त्रज्ञांना विचारले की, हे आधी कोणाच्या लक्षात कसे आले नाही. नोव्हेंबर २०११ मध्ये हार्वर्डच्या विद्यार्थ्यांनी प्राथमिक अर्थशास्त्राच्या वर्गातून बहिर्गमन केले. त्या दिवशीचा पाठ नेमका विषमतेवर होता. २०१२ मध्ये मँचेस्टरच्या विद्यार्थ्यांनी आपली संस्था काढली, आणि २०१४ मध्ये तीस देशांतील विद्यार्थी संघटनांनी एकत्र येऊन बहुविध अर्थशास्त्राची मागणी केली. या चळवळींतून एक सापळाही दिसून आला. सिडनीला अखेर राजकीय अर्थशास्त्राचा स्वतंत्र विभाग मिळाला खरा. पण चिकित्सेला वेगळी खोली दिली की, मूळ अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला त्या खोलीत पाऊल न टाकता पदवी घेता येते. हाच प्रकार ‘आर्थिक विचारांचा इतिहास’ या पेपराचा. त्यात मार्क्सला एक प्रकरण मिळते, तेही वस्तुसंग्रहालयातील शस्त्रासारखे, धार काढून.

पुन्हा मजुरीकडे यावे, कारण कसोटी तेथेच लागते. १९५७ च्या जुलैमध्ये भारतीय श्रम परिषदेच्या पंधराव्या अधिवेशनाने गरजेवर आधारित किमान वेतनाचे मानदंड ठरविले. एका कमावत्यामागे तीन उपभोग-एकके, प्रत्येकी २७०० उष्मांकांचा आहार, माणशी वर्षाला १८ वार कापड, घरभाडे, शिवाय इंधन-दिवाबत्ती व इतर किरकोळ खर्चासाठी एकूण वेतनाच्या २० टक्के. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रेप्टाकोस ब्रेट कंपनीच्या कामगारांच्या खटल्यात मुलांचे शिक्षण, औषधोपचार, सणवार, म्हातारपण यांसाठी आणखी २५ टक्क्यांची भर घातली. या मानदंडांत सीमान्त उत्पादकता कोठेच नाही. येथे मजुरी मोजली आहे ती कामगाराच्या व त्याच्या कुटुंबाच्या पुनरुत्पादनाच्या खर्चावरून. आणि सणवार धरावयाचे की नाही, शिक्षण धरावयाचे की नाही, हे इतिहास व लढा ठरवितो. श्रमशक्तीच्या मूल्यात ऐतिहासिक व नैतिक अंश असतो असे मार्क्सने सांगितले, त्याचा याहून स्पष्ट सरकारी दाखला सापडणे कठीण.

पण मानदंड मान्य होऊनही झगडा संपत नाही. तो आकड्यांत उतरतो. सातव्या वेतन आयोगापुढे कर्मचाऱ्यांच्या बाजूने याच सूत्राने महिना २६,००० रुपये मागितले आणि आयोगाने २०१५ मध्ये त्याच सूत्राने १८,००० काढले. सूत्र एक, गृहीतके दोन. २०१९ च्या आरंभी सरकारच्या तज्ज्ञ समितीने आहाराचा मानदंड २४०० उष्मांकांवर आणला, उपभोग-एकके मात्र ३.६ धरली, आणि दिवसाला ३७५ रुपये किमान वेतन सुचविले. त्याच वर्षीच्या जुलैत सरकारने देशव्यापी किमान पातळी जाहीर केली ती १७८ रुपयांची! दिवसभर ओझी वाहणाऱ्या माणसाला ३०० उष्मांक कमी पुरतील, हे पोषणशास्त्राचे की अर्थकारणाचे मत? हा वाद पुढे चालतच राहणार आहे, कारण २०१९ ची वेतन संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे. तिच्या नियमांच्या २०२० मधील मसुद्यात २७०० उष्मांक पुन्हा आले, हे विसरून चालणार नाही. अशा वादात किंमत-निर्देशांक कसा बनतो, सरासरी कशाची काढली, नमुना कोठला घेतला, हे वाचता न येणारा कामगार-प्रतिनिधी हात बांधून बसलेला असतो. आणि हे वाचावयास शिकविणारी पुस्तके पहिल्या खोलीत आहेत.

‘किमान वेतन वाढले की रोजगार घटतो’ या दाव्याचेही तसेच. त्याला पहिला जबर तडाखा दिला तो प्रतिष्ठित अर्थशास्त्राच्याच पद्धतींनी. १९९२ मध्ये अमेरिकेतील न्यू जर्सी राज्याने किमान वेतन तासाला ४.२५ डॉलरवरून ५.०५ डॉलर केले. शेजारच्या पेन्सिल्व्हेनियात ते वाढले नव्हते. डेव्हिड कार्ड व अॅलन क्रूगर यांनी दोन्हीकडच्या झटपट खाद्यगृहांतील रोजगार तपासला आणि १९९४ मध्ये निष्कर्ष छापला की, वेतनवाढीने रोजगार घटल्याचे दिसत नाही. बरेच वादंग माजले. कार्डला २०२१ चे नोबेल मिळाले. कामगार संघटनांच्या हाती हे प्रमाण असलेच पाहिजे.

तथापि ते जेथे थांबते तेथून मार्क्स सुरू होतो, आणि दोन्ही एकत्र वाचण्याचे खरे फळ याच ठिकाणी मिळते. कार्ड-क्रूगर यांच्यासारख्या निष्कर्षांचे एक पाठ्यपुस्तकी स्पष्टीकरण असे की, मालकांची बाजारावर पकड असते. श्रम विकत घेणारे थोडे, विकणारे अनेक, म्हणून मजुरी सीमान्त उत्पादकतेच्या खाली दाबली जाते. या स्थितीचे विवेचन जोन रॉबिन्सन यांनी १९३३ मध्ये केले आणि त्या तफावतीला ‘शोषण’ असाच शब्द वापरला. शब्द तोच, अर्थ निराळा. त्या अर्थाने शोषण म्हणजे स्पर्धेतील बिघाड. स्पर्धा नीट झाली, मजुरी सीमान्त उत्पादकतेइतकी झाली, की शोषण संपले. मार्क्सचे म्हणणे याच्या उलट टोकाचे आहे. श्रमशक्ती पुऱ्या मूल्याला विकली गेली, कोणी कोणाला फसविले नाही, बाजाराचा एकही नियम मोडला नाही, तरीही वरकड मूल्य निर्माण होते, कारण विकत घेतलेल्या दिवसाचा वापर मालकाच्या हाती असतो. पहिल्या अर्थाचे शोषण कायद्याने व करारांनी आटोक्यात आणता येते. दुसऱ्याला मालकीच्या संबंधांनाच हात घालावा लागतो. वेतनकराराच्या मेजावर पहिला अर्थ उपयोगी पडतो आणि तेवढ्याने कामगाराला न्याय मिळाला असे वाटू लागले, की दुसरा अर्थ आठवावा लागतो. ज्याने एकच पुस्तक वाचले आहे त्याला हा भेद दिसणारच नाही. तो दोन्ही ठिकाणी ‘शोषण’ हा शब्द ऐकेल आणि मान डोलावील.

यासाठी अभ्यासवर्गाची घडी बदलावी लागेल. प्रथम मार्क्सवाद, मग वेळ उरल्यास ‘बुर्झ्वा सिद्धांतांचे खंडन’, ही पद्धत टाकून एका बैठकीला एक प्रश्न घ्यावा: मजुरी, नफा, महागाई, बेकारी, अरिष्ट. प्रत्येक प्रश्नावर प्रतिष्ठित उत्तर त्याच्या समर्थकाला मान्य होईल अशा रीतीने आधी मांडले जावे, आणि ते काम महाविद्यालयात शिकणाऱ्या सभासदाकडे द्यावे. पाठ्यपुस्तक त्याच्याकडे असतेच. मराठीत तर आणखी एक अडचण आहे. ‘सीमान्त उत्पादकता’ हा शब्द क्रमिक पुस्तकात राहतो आणि ‘वरकड मूल्य’ हा पक्षाच्या पुस्तिकेत. इंदूर, सुरत, हैदराबाद येथील मराठी सभासद तर पहिला शब्द हिंदीत, गुजरातीत किंवा इंग्रजीत शिकलेला असतो. दोन्ही परिभाषा एका पानावर समोरासमोर छापलेली छोटी पुस्तिका कोठेतरी तयार व्हावयास हवी.

आरंभ मजुरीपासूनच करणे बरे. पहिल्या बैठकीसाठी लागणारी सामग्री फार नाही: क्रमिक पुस्तकातील मजुरीचे प्रकरण, १८६५ चे मार्क्सचे भाषण, १९५७ च्या परिषदेचा ठराव, आणि वर्गाला येणाऱ्यांपैकी कोणाच्या तरी कारखान्यातील किंवा कचेरीतील मागच्या वेतनकराराची प्रत. तो करार ज्या आकड्यांवर झाला ते कोठून आले, हे त्या प्रतीवरून वर्गाने स्वतः शोधून काढावे.